वीस किलोचा जोर, अडीच टनांची पकड

नाशिकच्या सातपूर किंवा अंबडमधल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात जा आणि दहा एमएमचा बोल्ट मागा, डोक्यावर ८.८ कोरलेला. वस्तू चार पैशांचीच. तो दोन पट्ट्यांतून ओवून नट चढवा, पाव मीटर लांबीचा पाना लावा आणि त्याच्या टोकावर वीसेक किलोचा जोर द्या. त्या बोल्टने मधल्या दोन पट्ट्या किती जोराने दाबून धरल्या असतील? सुमारे अडीच टनांनी!

एवढी ताकद आली कुठून? आट्यांमधून. कसाऱ्याचा घाट डोळ्यांपुढे आणा. सरळ चढ गाडीला झेपणार नाही, म्हणून रस्ता लांबवत, वळवत वर नेलाय. तो रस्ता एका दांड्याभोवती गुंडाळला की झाले आटे. आणि चढ तरी किती? दहाच्या बोल्टला जेमतेम तीन अंश! पान्याचं टोक एका फेऱ्यात दीड मीटरहून जास्त फिरतं आणि नट पुढे सरकतो फक्त दीड मिलिमीटर.

म्हणजे हजारपट फायदा. मग वीस किलोचे वीस टन व्हायला हवेत ना? आपल्या हाती आले अडीच. बाकीचा जोर घर्षणाने गिळला. ढोबळमानाने निम्मा नटाच्या बुडाशी, चाळीसेक टक्के आट्यांत. कामाला लागले ते दहा-बारा टक्के. एखाद्या यंत्राने एवढी उधळपट्टी केली असती तर मालकाने ते भंगारात घातलं असतं. इथे मात्र ही उधळपट्टीच हवी. घर्षण नसतं तर पाना काढताक्षणी ताणलेल्या बोल्टने नटाला उलटं गरागरा फिरवून फेकून दिलं असतं.

हो, ताणलेल्या! नट आवळताना आपण खरं तर बोल्ट ओढून लांब करत असतो. मधल्या पट्ट्यांची जाडी तीस मिलिमीटर असेल तर तो साधारण ०.०६ मिलिमीटर लांबतो. पोलाद पुन्हा आखडू पाहतं आणि त्या धडपडीलाच आपण पकड म्हणतो. ही धडपड किती ताणापर्यंत टिकेल, ते डोक्यावरचा ८.८ सांगतो. पहिला आठ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे ऐंशी किलोपर्यंत तुटणार नाही. पुढचा आठ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत ताणला तरी मूळ लांबीवर परत येईल.

आता हा भार नटाच्या पाच-सहा आट्यांत सारखा वाटला जात असेल, असं वाटतं. छे! पट्टीला लागून असलेला पहिला आटाच जवळजवळ एक तृतीयांश भार उचलतो. शेवटचे बिचारे नावालाच. म्हणून दुप्पट जाडीचा नट लावला तरी पकड दुप्पट होत नाही.

बरं, कारखान्यात बनणाऱ्या बहुतेक बोल्टांचे आटे कापलेले नसतातच. सुमारे नऊ मिलिमीटरचा दांडा दोन खाचदार डायमध्ये दाबून लोळवतात. खाचेतलं पोलाद दबतं, शेजारचं वर उसळतं आणि कीस न पडता नऊचा दांडा दहाचा होऊन बाहेर येतो! पोलादाचे तंतू न तुटता आट्यांबरोबर वळतात, त्यामुळे असे आटे सततचे हादरे जास्त सोसतात.

जुने मिस्त्री आजही 'चार सुताचा बोल्ट' म्हणतात. म्हणजे अर्धा इंच. या इंची आट्यांचा कोन इंग्रज अभियंता जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ५५ अंश ठरवला. अमेरिकेत १८६४ मध्ये विल्यम सेलर्सने ६० सुचवला. अर्ध्या इंचाच्या बोल्टावर इंग्रजांचे इंचाला बारा आटे, अमेरिकनांचे तेरा. दिसायला जुळे, पण एकाचा नट दुसऱ्याला बसत नाही.

एवढ्या पकडीचा एक शत्रू आहे: आडवा हादरा. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं की पट्ट्या आडव्या सरकू लागल्या की आट्यांतलं घर्षण फिरण्याच्या दिशेने जवळजवळ नाहीसं होतं आणि नट आपोआप सैलावतो. विमानाला हादऱ्यांची काय कमी! नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभा राहिला. अशा विमानांच्या कामात जिथे हादरे बसतात तिथल्या बोल्टच्या डोक्याला भोक पाडून त्यातून तार ओवतात आणि ती पीळ देऊन शेजारच्या बोल्टला बांधतात. पण दिशा पाहून हं! एक बोल्ट सुटू लागला की तार ताणली जाते आणि दुसऱ्याला आवळण्याच्या दिशेनेच ओढते.