शुभेच्छापत्रांकरिता जलरंगांची पार्श्वभूमी

इंग्लंडात हेन्री कोल यांनी १८४३ साली नाताळकरिता जे छापील शुभेच्छापत्र काढविले, ते शिळाछापावर छापून मग हातांनी रंगविलेले होते. छापील शुभेच्छापत्राच्या आरंभीही, म्हणजे, कुंचला होताच. आज संदेश क्षणार्धात पोहोचत असता स्वहस्ते पत्र तयार करावयाचे, ते ज्याला जावयाचे त्याच्याकरिता कोणी घटकाभर बसले होते, हे त्याला कळावे म्हणून. परंतु चित्रकला येत नाही, या भीतीने पुष्कळ जण कुंचला हाती घेतच नाहीत. वस्तुतः अशा पत्राला चित्र लागत नाही. रंगाची एक शांत भूमी पुरते, आणि ती करण्याचे बहुतेक काम पाणीच करते.

साहित्य थोडे आहे : जाड कागद, रंगाच्या वड्यांची डबी, एक रुंद व एक बारीक कुंचला, पाण्याच्या दोन वाट्या आणि जुन्या धोतराचा मऊ तुकडा. काटकसर करावयाची नाही ती कागदात. लिहिण्याचा साधा कागद चौरस मीटरास ७० ते ८० ग्रॅम वजनाचा असतो. तो पाण्याने सुरकुततो. जलरंगास ३०० ग्रॅमच्या सुमाराचा कागद उत्तम. तो न मिळाल्यास चित्रकलेचा कागद चारी कडांनी कागदी चिकटपट्टीने फळीवर बसवावा व पूर्ण वाळल्यावरच सोडवावा. पट्टीखालची पांढरी चौकट ही आयतीच शोभा होय.

रंग आधी कालवून ठेवावा आणि मगच कागद भिजवावा. क्रम उलटल्यास रंग तयार होईतो कागद वाळतो. रुंद कुंचल्याने स्वच्छ पाणी सर्वत्र सारखे फिरवावे. कागद चकाकावा, पण त्यावर थारोळे साचू नये. वरच्या कडेस पातळ निळा रंग लावून फळी किंचित कलती धरली, की तो खाली उतरता उतरता फिका होत जातो. खालून पिवळा आणल्यास मध्ये कोवळी हिरवी छटा उमटते. तांबडा व हिरवा, किंवा जांभळा व पिवळा, हे मात्र एकमेकांत मिसळू देऊ नयेत. त्यांचा चिखल होतो. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून ओला असताना तो थोडा गडद वाटल्यास बिचकू नये.

यापुढील नियम पाळावयास सर्वांत कठीण : हात आवरावा. चकाकी जाऊन कागद अर्धवट वाळला असता त्यावर ओला कुंचला टेकला, तर नवे पाणी रंगाचे कण बाहेर ढकलते आणि फुलकोबीसारखी वेडीवाकडी कड उमटते. ती घासून काढू गेल्यास कागदाचे तंतू उठतात व पुढे तेथे शाई फुटते.

ज्यांस थोडी नक्षी हवी, त्यांनी चकाकी असतानाच मिठाचे चार खडे टाकावेत. प्रत्येक खडा भोवतालचे रंगीत पाणी ओढून घेतो व तेथे फिकट चांदणी उमटते. वाळल्यावर मीठ पूर्णपणे झाडून काढावे. राहिलेले कण दमट हवेत पाणी धरतात. कोऱ्या कागदावर आधी मेणबत्तीने रेघा ओढल्यास तेथे रंग चढत नाही व पांढरी नक्षी राहते. परंतु मेणावर शाईही धरत नाही. म्हणून मजकुराची जागा मोकळी सोडावी.

कारण पत्रात मुख्य तो मजकूरच. तंबोऱ्याने गायकाला आधार द्यावा, त्याच्यावर कुरघोडी करू नये; पार्श्वभूमीचेही तसेच आहे. लेखणी उचलण्यापूर्वी हाताची मागची बाजू कागदास हलकेच लावून पाहावी. गारवा जाणवल्यास आत ओल आहे, असे समजावे. पावसाळ्यात ती जाण्यास बराच वेळ लागतो. तोवर काय लिहावयाचे, याचा विचार करण्यास सवड मिळते. आणि पुष्कळदा मनाजोगे वाक्य त्या सवडीतच सुचते.