हुकूम आणि कारण

२०२० च्या जुलै महिन्यातील गोष्ट आहे. बंगळूर शहराच्या डोमलूर भागातील एका इमारतीत कोरोनाचा रुग्ण आढळला. महापालिकेची माणसे तेथे गेली आणि त्यांनी दोन बिऱ्हाडांच्या दारांवर बाहेरून पत्रे ठोकले. आत माणसे होती. एका घरात लहान मुले होती, दुसऱ्यात वृद्ध पतिपत्नी. रात्री आग लागली असती किंवा कुणाच्या छातीत कळ आली असती, तर या माणसांनी बाहेर यावे कसे, याचा विचार पत्रे ठोकणाऱ्याने केला नव्हता. छायाचित्र गावभर झाले, लोक संतापले, पत्रे लगेच काढण्यात आले आणि महापालिकेच्या आयुक्तांनी जाहीरपणे क्षमा मागितली.

श्रोतेहो, या प्रसंगातील पत्रे ठोकणारा मनुष्य दुष्ट होता असे मला वाटत नाही. रुग्ण असलेली जागा बंद करावी, एवढाच हुकूम त्याच्यापर्यंत पोहोचला होता. ती कशासाठी बंद करावयाची, हे त्याला कुणी सांगितले नसावे. ते त्याला ठाऊक असते, तर दाराला पत्रा ठोकण्याऐवजी त्याने दारावर सूचना चिकटविली असती आणि आतल्या माणसांना दूध-भाजी कोण आणून देईल याची विचारपूस केली असती. हुकूम वरून खाली येताना त्याचे कारण वाटेतच गळून पडते, आणि शेवटच्या माणसाच्या हाती उरतो तो हातोडा. मी स्वतः सरकारी नोकर आहे. त्या दिवसांत बंगळुरात प्रवासाचे परवाने देण्याच्या कामावर मला बसविण्यात आले होते. तेव्हा हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून बोलत नाही. माझ्या हातातील हातोड्याची हकीकत पुढे येईलच.

साथीच्या निर्बंधांविरुद्ध लोक चिडले, असे आपण सरसकट म्हणतो. परंतु ते कशावर चिडले, हे नीट पाहावयास हवे. २२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू बंगळूरकरांनी मनापासून पाळला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली, तेव्हाही पहिल्या दिवसांत कुरकुर फार झाली नाही. भीती होती, आणि भीतीच्या पोटी आज्ञापालन सोपे जाते. चीड आली ती वेगळ्या गोष्टींची. मार्चच्याच अखेरीस परदेशाहून आलेल्या आणि घरी विलग राहण्यास सांगितलेल्या लोकांचे पत्ते सरकारी संकेतस्थळावर प्रसिद्ध झाले. त्यांपैकी पुष्कळांना रोग झालेलाही नव्हता. पण शेजारीपाजारी आणि घरमालक त्यांच्याकडे गुन्हेगारासारखे पाहू लागले. शिवाय अशा माणसांनी सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत दर तासाला स्वतःचे छायाचित्र मोबाइलवरून पाठवावे, असेही फर्मान निघाले. घराबाहेर न पडण्याची अट त्यांना मान्य होती. आपल्यावर पाळत ठेवली जाते हे त्यांना झोंबले.

मराठी माणसाच्या मनात अशा वेळी पुणे येते. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगाचा कायदा झाला. पुण्यात रँडसाहेबाच्या प्लेग समितीने गोऱ्या शिपायांकरवी घरे तपासली. आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्याच्यावर गोळी झाडली गेली. हा इतिहास शाळेतल्या मुलालाही पाठ असतो. पण त्याच कायद्याच्या काळात बंगळुरात काय घडले, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही, आणि ते सांगण्याजोगे आहे.

बंगळुरात प्लेग आला तो १८९८ च्या ऑगस्टमध्ये, हुबळीकडून रेल्वेने. त्या वेळी शहराचे दोन भाग होते: म्हैसूर संस्थानाच्या अखत्यारीतील जुनी पेठ आणि इंग्रजांच्या ताब्यातील कँटोन्मेंट. म्हैसूर सरकारने प्लेग कमिशनर म्हणून नेमले ते व्ही. पी. माधवराव यांना. नावातील ‘पी’ म्हणजे पाटणकर. तंजावूरकडील मराठी घराण्यातला, कुंभकोणमला शिकलेला हा अधिकारी पुढे त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचा दिवाण झाला. प्लेगच्या कामाची काठिन्ये त्यांनाही चुकली नाहीत. रुग्णांना वेगळे ठेवणे, घरे रिकामी करविणे, लोकांना गावाबाहेरच्या छावण्यांत हलविणे हे सर्व येथेही झाले. लोकांनी ते मुकाट्याने सोसले असेही नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस श्रीरंगपट्टणाकडे प्लेगच्या बंदोबस्तावरून दंगल उसळली.

तथापि बंगळुरात बंदोबस्ताबरोबरच आणखी काही उभे राहिले. शहराचे चार विभाग पाडून आरोग्याधिकारी नेमण्यात आला. प्लेगच्या कामात एकमेकांशी त्वरित बोलता यावे म्हणून टेलिफोनच्या तारा आल्या. नव्या घरांत उजेड, वारा आणि सांडपाण्याची व्यवस्था असलीच पाहिजे असे नियम झाले. मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी या रुंद रस्त्यांच्या वसाहतींची आखणी आधीच सुरू होती, तिला प्लेगने वेग आणला. १९०० साली व्हिक्टोरिया इस्पितळ उघडले. पेठेतील घर सोडावयास सांगितलेल्या माणसाला ‘जा’ एवढेच ऐकावे लागले नाही. कोठे जावे याचेही थोडेबहुत उत्तर मिळाले. अर्थात ते उत्तर सर्वांच्या वाट्याला सारखे आले नाही. भूखंड घेण्याची ऐपत असणारे मल्लेश्वरम्‌ला गेले. ज्यांना ती नव्हती त्यांनी प्लेग मारियम्मेची देवळे बांधली. ती देवळे बंगळुरात आजही आहेत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण तो उंदरावरच्या पिसवेमार्फत माणसाकडे येतो, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून दाखविले ते १८९८ मध्ये, आणि सर्वमान्य व्हावयास त्याला आणखी काही वर्षे लागली. म्हणजे अंथरुणे जाळणारे, भिंती औषधाने धुणारे आणि बायकामाणसांना रस्त्यात तपासणारे अधिकारी अपुऱ्या ज्ञानावर चालले होते. आपल्या काळात याहून निराळे काय घडले? २०२० च्या उन्हाळ्यात आपण भाजीपाला साबणाने धूत होतो आणि वर्तमानपत्रांना हात लावीत नव्हतो. हा रोग मुख्यतः हवेतून, कोंदट जागेत पसरतो, हे नंतर स्पष्ट होत गेले. ज्ञान बदलले म्हणून नियम बदलणे यात लाज काहीच नाही. परंतु कालचा नियम का सोडला हे न सांगता आजचा नियम तितक्याच ठणठणीत आवाजात सांगितला, म्हणजे ऐकणाऱ्याला दोन्ही लहरी वाटू लागतात.

सरकारी बाजूची एक खरी अडचणही आहे, आणि ती लोकांपुढे कधी नीट मांडली गेली नाही. आज संसर्ग झालेल्या माणसाला लक्षणे दिसावयास साधारण पाच-सहा दिवस लागत, क्वचित चौदाही. मग तपासणी, मग तिचा निकाल. त्यामुळे आजच्या वर्तमानपत्रातील रुग्णसंख्या हे वस्तुतः आठ-दहा दिवसांपूर्वीचे चित्र असे. त्या शिळ्या चित्रावरून आज हुकूम काढावयाचा आणि त्याचा परिणाम दिसण्यासाठी दोन-तीन आठवडे थांबावयाचे. रुग्ण थोडे असताना हुकूम काढला तर लोक म्हणणार, एवढ्याशा रोगासाठी आमची दुकाने बंद का? रुग्ण वाढल्यावर काढला तर म्हणणार, इतके दिवस झोपला होता काय? आणि हुकूम यशस्वी झाला, साथ आटोक्यात राहिली, तर तो मुळी अनावश्यकच होता असे सिद्ध झाल्यासारखे दिसते. अशा व्यवहारात सरकारजवळ विश्वासाखेरीज दुसरे भांडवल नसते.

आणि ते भांडवल बंगळुरात कसे खर्च झाले पाहा. ऑक्टोबर २०२० च्या आरंभी मुखपट्टी न लावणाऱ्यास शहरात १००० रुपये दंड जाहीर झाला. गाडीत एकट्या बसलेल्या माणसाने मुखपट्टी कुणासाठी लावावयाची, यावर चौकाचौकांत मार्शल आणि नागरिक यांचे वाद जुंपले. आठवड्याच्या आत दंड २५० रुपयांवर आला. आता १००० रुपयांची पावती ज्याने आदल्या दिवशी फाडून घेतली, त्याने काय समजावे? रोग एका रात्रीत चौपटीने सौम्य झाला की सरकारचा निर्धार? डिसेंबरात इंग्लंडकडून नव्या विषाणूची वार्ता आली. २३ तारखेला रात्रीची संचारबंदी जाहीर झाली, तिची वेळ बदलली गेली, आणि २४ तारखेला ती मागे घेतली. जो रोग दिवसा बाजारात हिंडतो तो रात्री अकरानंतरच कसा चावतो, असे लोक विचारीत. विनोद चांगला होता. पण ज्या हुकुमाची थट्टा होते त्याचे पालन कोण करणार?

थट्टेच्या पलीकडचे प्रसंगही झाले. २०२० च्या मे महिन्यात बिहार-उत्तर प्रदेशाकडील मजूर गावी जाण्यासाठी धडपडत होते आणि त्यांच्यासाठी विशेष गाड्या सुटू लागल्या होत्या. बांधकाम व्यावसायिकांशी बैठक झाली, आणि राज्य सरकारने ६ मे पासूनच्या गाड्या नकोत असे रेल्वेला कळविले. कामे पुन्हा सुरू होत आहेत, मजुरांनी येथेच राहावे, असा त्यामागचा विचार. साथीसाठी घातलेले बंधन मजूर अडवून ठेवण्यासाठी वापरले जाते, असा त्याचा अर्थ झाला आणि देशभर ओरड उठली. दोन-तीन दिवसांत गाड्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या. मधल्या दिवसांत किती जण पायी निघाले, याची मोजदाद नाही.

उलट बाजूचा दाखलाही सांगितला पाहिजे. २०२१ च्या एप्रिलमध्ये चित्रपटगृहांवर आणि व्यायामशाळांवर निर्बंध येत होते आणि आक्षेप येताच सैल होत होते. बेळगावच्या पोटनिवडणुकीच्या सभांना मात्र माणसे लोटत होती. निर्बंधांना कंटाळलेले आपण सारेच त्या सैलपणावर खूष होतो. त्याच महिन्याच्या अखेरीस बंगळुरात दिवसाला वीस हजारांहून अधिक नवे रुग्ण निघू लागले. प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी शिक्षित, सधन माणसे फोनवर रडत होती, आणि गिड्डेनहळ्ळीच्या दगडखाणीत उघड्यावर चिता रचाव्या लागल्या. निर्बंध म्हणजे केवळ जुलूम, असे म्हणणाऱ्यांनी ते दिवस आठवून पाहावेत.

आता माझी हकीकत. बंगळूरच्या नागरथपेठेत सोने-चांदी गाळणारी मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडीकडची ही गलाई मंडळी भारतभर अशा गल्ल्यांतून भट्ट्या लावून बसलेली आढळतात. २०२० च्या मे महिन्याच्या उत्तरार्धात त्यांच्यापैकी एक तिशीचा तरुण माझ्यापुढे आला. विट्याजवळच्या गावी त्याचे वडील वारले होते. महाराष्ट्रातून कर्नाटकात प्रवेश त्या दिवसांत, महिनाअखेरपर्यंत, बंद होता. मी म्हणालो, “जाण्याचा परवाना देता येईल, परतण्याचा नाही.” तो म्हणाला, “साहेब, भट्टी भाड्याची आहे, बायकापोरं इथं आहेत. इथं राहिलो तर मी निरोगी, आणि चार दिवस विट्याला जाऊन आलो तर रोगी, हे कुणी ठरवलं?”

त्याने हे आवाज न चढविता विचारले होते. उत्तरही होते. त्या वेळी देशातील सर्वांत अधिक रुग्ण महाराष्ट्रात होते. येणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करण्याएवढी साधने येथे नव्हती. आणि नागरथपेठेतल्या एकेका खोलीत पाच-सहा जण झोपत, तेथे एकाने रोग आणला तर गल्लीच बसली असती. चार वाक्यांचे काम. मी म्हणालो, “हुकूम आहे.” रांग मोठी होती, मी थकलेला होतो, हे सर्व खरे, परंतु ते कारण नव्हे. कारण सांगणे हा माझ्या कामाचा भाग आहे असे मला त्या क्षणी वाटलेच नाही. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. तो गेला नाही. वडिलांचा दहावा त्याने मोबाइलवर पाहिला, हे मला त्याच्या शेजाऱ्याकडून पुढे कळले.

सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडून बहात्तर तासांच्या आतला तपासणीचा दाखला मागण्यात येत होता. निपाणी-कागल भागातील माणसे रोज कामासाठी ही सीमा ओलांडतात. त्यांचे सासर इकडे आणि शेत तिकडे. नाक्यावर मराठी-कानडी दोन्ही भाषांत भांडणे होत. त्या भांडणांच्या बातम्या वाचताना मला तो गलाईवाला आठवे.

मे २०२१ मध्ये मला पुन्हा परवान्यांच्या टेबलावर बसविले. या खेपेस मी प्रत्येक आदेशाखाली स्वतःच्या हाताने चार-पाच ओळींत कारण लिहून, कन्नड, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही भाषांत दाराबाहेर लावू लागलो. कन्नड एका सहकाऱ्याकडून तपासून घेई. पुष्कळ जण न वाचताच आत येत. एके दिवशी एक म्हातारे गृहस्थ चष्मा लावून ते सगळे उभ्याने वाचून आत आले आणि म्हणाले, “साहेब, पहिलं कारण पटलं. दुसरं काही पटत नाही बघा.” मी त्यांना खुर्ची दिली, आणि त्या दुसऱ्या कारणावर आम्ही बराच वेळ बोलत बसलो.