पोपटाच्या घराचा प्रश्न

पोपट आपल्या ओळखीचा, पण ती ओळख बहुधा पिंजऱ्यातली. पेरू-मिरची खातो आणि शिकवलेले चार शब्द बोलतो, एवढीच त्याची माहिती घरोघरी असते. रानातल्या राघूचा संसार निराळा आहे. कामगारांच्या चाळींतून हिंडण्यात माझे आयुष्य गेले. त्यामुळे त्या संसारात मला प्रथम दिसतो तो घराचा प्रश्न.

अन्नाची त्याला ददात नाही. शेपटीसह सुमारे ४० सेंटिमीटर लांबीचा हा पक्षी. त्याची वरची चोचही हलते, आणि पायाची दोन बोटे पुढे व दोन मागे असल्यामुळे तो फळ हातात धरावे तसे पायात धरून खातो. खातो त्याहून अधिक नासतो, ही शेतकऱ्याची तक्रारही खरी आहे.

घर मात्र सहजासहजी मिळत नाही. पोपट काटक्यांचे घरटे बांधीत नाही; त्याला ढोली लागते. सुतारपक्ष्याने किंवा तांबटाने कोरून सोडलेली, नाहीतर फांदी कुजून पडलेली ढोली तो धरतो आणि तिचे तोंड चोचीने रुंद करतो. जुन्या भिंतीतले भोकही त्याला चालते. गाण्यांतून आपण राघू-मैनेची जोडी जमवली. प्रत्यक्षात ती दोघे एकाच खोलीसाठी भांडणारे भाडेकरू आहेत!

साधारण जानेवारी ते एप्रिल हा त्यांचा विणीचा काळ. मादी चार-सहा पांढरी अंडी घालून सुमारे तीन आठवडे उबवते. तोवर नर तिला भरवतो. पिले पुढे सहा-सात आठवडे ढोलीतच वाढतात. नराच्या गळ्यातला काळा-गुलाबी कंठ उमटायला तिसरे वर्ष उजाडते. मादीला तसा कंठ नसतो.

पिले काढणारा ढोलीचे तोंड फोडतो, तेव्हा पिलांबरोबर पुढल्या वर्षीचे घरही जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये पोपट पकडणे व विकणे गुन्हा आहे. पण गिऱ्हाईक आहे तोवर विकणाराही राहणारच.

शिवाय शहरात वाळके झाड धोक्याचे म्हणून आधी पडते. त्याच्या जागी लावलेल्या रोपाला ढोली पडायला कित्येक दशके लागतात. म्हणून नागरिकांनी दोन गोष्टी कराव्यात : पिंजऱ्यातला पोपट विकत घेऊ नये, आणि जुने झाड तोडण्याचा अर्ज करण्यापूर्वी त्यात कोणी राहते आहे काय, ते पाहावे. धोक्याची फांदी छाटून खोड राखता येत असेल, तर तेवढेच करावे.