अलर्ट जिल्ह्याला, पाऊस कोणाला?

कसालला मुंबई-गोवा महामार्गावरून एक फाटा फुटतो आणि पश्चिमेला मालवणच्या समुद्राकडे उतरतो. महामार्ग तसाच दक्षिणेला कुडाळ, सावंतवाडीकडे जातो आणि सावंतवाडीहून एक वेगळा रस्ता आंबोलीचा घाट चढतो. किनाऱ्यावर वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याच्या दुपटीहून अधिक आंबोलीत पडतो. तरी जुलैतल्या एखाद्या संध्याकाळी मोबाइलवर येणारा इशारा या सगळ्यांना एकच असतो: सिंधुदुर्ग, ऑरेंज अलर्ट. मालवणचा मच्छीमार त्यात वारा किती ते शोधतो, कसालचा शेतकरी उद्या लावणी करावी की थांबावे हे ठरवू पाहतो आणि पालकांना शाळेला सुट्टी आहे की नाही एवढेच हवे असते. दुसऱ्या दिवशी कसालात दोन सरी येऊन ऊन पडले, की हवामान खात्याचा अंदाज फुकट गेला असा निकाल लागतो. मग कोणी खात्याला नावे ठेवतो, कोणी लोकांना विज्ञान कळत नाही म्हणतो. माझ्या मते दोष बहुतेक वेळा वाक्यात असतो. 'लाइकली', 'चान्स', 'शक्यता' हे शब्द कशापैकी किती, हे सांगत नाहीत. ती रिकामी जागा ऐकणारा आपापल्या गरजेने भरतो, आणि प्रत्येकाची गरज वेगळी असते.

एकच वाक्य जवळून पाहू: 'हेवी रेन व्हेरी लाइकली ॲट आयसोलेटेड प्लेसेस'. भारतीय हवामान विभागाच्या परिभाषेत यातला एकही शब्द सैल नाही. 'हेवी' म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस. 'आयसोलेटेड' म्हणजे त्या क्षेत्रातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर. 'व्हेरी लाइकली' म्हणजे ५० ते ७५ टक्के शक्यता. आणि हे २४ तास मध्यरात्री सुरू होत नाहीत, सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या सकाळी साडेआठला संपतात. गुरुवारी पहाटे पाचला कोसळलेला पाऊस म्हणूनच बुधवारच्या अंदाजात मोडतो. आता ढोबळ हिशेब करा. जिल्ह्यात कुठेतरी मुसळधार होण्याची शक्यता वरच्या टोकाची, म्हणजे ७५ टक्के धरली, तो पाऊस एक चतुर्थांश केंद्रांवर झाला असे धरले आणि सगळी ठिकाणे सारखी मानली, तर कसालच्या वाट्याला येणारी शक्यता १९ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जेमतेम पाचांत एक निघते. जिल्ह्यासाठी 'व्हेरी लाइकली' असलेली गोष्ट गावासाठी न घडण्याचीच शक्यता जास्त! दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. मराठी बातमीत हेच 'तुरळक ठिकाणी मुसळधार' असे येते. तिथे 'तुरळक' हे ठिकाणांचे विशेषण आहे, पण घाईत वाचणाऱ्याच्या मनात ते पावसाला चिकटते. कोणी तुरळक पाऊस समजतो, कोणी सगळीकडे मुसळधार.

ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांचीच ही अडचण, असे वाटणे साहजिक आहे, पण पुरावा तसे सांगत नाही. १९५१ मध्ये अमेरिकेच्या सीआयएमध्ये एक गोपनीय अहवाल तयार झाला. युगोस्लाव्हियावर हल्ला होणे ही 'सीरियस पॉसिबिलिटी' आहे, असे त्यात म्हटले होते. तो तयार करणाऱ्या विभागातले शर्मन केंट यांच्या मनात त्याचा अर्थ सुमारे ६५ टक्के होता. वाचणाऱ्या अधिकाऱ्याने त्याहून बराच कमी धरला होता. केंट यांनी मग आपल्याच सहकाऱ्यांना विचारले. एकाच वाक्याला संमती देणाऱ्या या माणसांच्या मनातले आकडे २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत पसरलेले निघाले. हे सगळे इंग्रजीतच विचार करणारे आणि शब्द तोलून वापरणे हाच ज्यांचा पेशा, असे लोक होते. आजही संस्थांच्या व्याख्या आपसांत जुळत नाहीत. हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय आयपीसीसीच्या अहवालात 'लाइकली' म्हणजे ६६ टक्क्यांहून अधिक, तर आपल्या हवामान विभागाच्या तक्त्यात 'लाइकली' म्हणजे २५ ते ५० टक्के. दोन्ही वाचणाऱ्या पत्रकाराने एकाचा अर्थ दुसऱ्याला लावला तर त्याला बोल कसा लावायचा?

मग शब्द टाकून सरळ आकडे द्या, असे कोणी म्हणेल. हा उपाय अर्धाच लागू पडतो. मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क, ॲमस्टरडॅम, बर्लिन, मिलान आणि अथेन्समध्ये रस्त्यावरच्या लोकांना विचारले की 'उद्या पावसाची ३० टक्के शक्यता' म्हणजे काय. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बहुसंख्यांचे उत्तर हवामानशास्त्राच्या व्याख्येशी जुळले ते फक्त न्यूयॉर्कमध्ये: उद्यासारख्या परिस्थितीच्या दर शंभर दिवसांपैकी तीस दिवस पाऊस पडतो. युरोपातल्या शहरांत अनेकांना वाटले, की उद्या ३० टक्के वेळ पाऊस पडेल किंवा ३० टक्के भागात पडेल. अमेरिकेत असे अंदाज १९६५ पासून लोकांना दिले जात होते, तिथे सवय झालेली होती. म्हणजे 'कशापैकी' हे न सांगितलेला आकडाही शब्दाइतकाच निसरडा असतो. शब्द आणि आकडा शेजारी ठेवले तर मात्र फरक पडतो. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बुडेस्कू यांच्या गटाने २४ देशांत, १७ भाषांत आयपीसीसीची वाक्ये लोकांपुढे ठेवली. नुसता शब्द दिला तेव्हा वाचकांचे अंदाज मधल्या पन्नाशीकडे सरकले. शब्दासोबत आकडा दिला तेव्हा ते अहवालाला अभिप्रेत अर्थाच्या जवळ आले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोकांना अर्थाशी काय देणेघेणे, काय करायचे ते सांगा म्हणजे झाले. मालवण बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला की त्याच्या व्याख्येवर कोणी वाद घालत नाही, होड्या आत घेतात. हे खरे आहे, आणि बावट्याचे यश त्यातच आहे: तो एका बंदरासाठी असतो, ऐकणारे एकाच धंद्यातले असतात आणि करायची गोष्टही एकच असते. हवामान विभागाचे रंगही याच विचाराने ठरवले आहेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. पण जिल्ह्याचा इशारा शेकडो धंद्यांतल्या माणसांना एकदम जातो. ऑक्टोबरमध्ये भात कापून शेतात आडवे पडलेले असेल, तर पाचांत एक शक्यताही त्या शेतकऱ्याला पुष्कळ झाली. समजा, पेंढ्या झाकायला ५०० रुपये लागतात आणि भिजल्या तर ५,००० रुपयांचे नुकसान होते. मग दहांत एक याहून अधिक शक्यता असली, की झाकण्यातच शहाणपण. त्याच शक्यतेवर महामार्गावरचा हॉटेलवाला मात्र दुकान बंद करणार नाही. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. रंग एकच, पण धोका पत्करण्याची पातळी ज्याची त्याची. म्हणून फक्त कृती सांगून भागत नाही, शक्यता कळावीच लागते.

राहिला एक व्यावहारिक आक्षेप: प्रत्येक गावाचा वेगळा अंदाज देण्याइतके शास्त्र अचूक नाही आणि वाक्य लांबवले तर कोणी वाचणार नाही. पहिला भाग मान्य. घाटमाथा आणि किनारा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात ढग नेमका कुठे रिता होईल, हे आदल्या दिवशी सांगणे अवघडच आहे. पण जे कळत नाही ते कळल्याचा आव आणा, अशी मागणी इथे नाहीच. माहीत असलेली गोष्टच पूर्ण सांगायची आहे. 'उद्या सकाळी साडेआठपासून परवा सकाळी साडेआठपर्यंत जिल्ह्यातल्या चारपैकी फार तर एका ठिकाणी मुसळधार. असे होण्याची शक्यता ५० ते ७५ टक्के' हे वाक्य मोबाइलच्या पडद्यावर सहज मावते. त्यात नवे शास्त्र काही नाही. व्याख्यांच्या तक्त्यात असलेले चार आकडे फक्त वाचकापुढे आले आहेत. असे वाक्य वाचल्यावर कसालात ऊन पडले तरी अंदाज खोटा ठरत नाही, आणि अंदाजावरचा विश्वास टिकला तरच खऱ्या वादळाच्या दिवशी तो कामी येतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने मालवणच्या किनाऱ्याची केलेली नासधूस जिल्ह्याने पाहिली आहे. पुढच्या वेळी इशारा आला की 'हे नेहमीचेच' असे लोकांनी म्हणू नये, असे वाटत असेल, तर साध्या पावसाच्या दिवसांतच वाक्ये पूर्ण सांगायला सुरुवात केली पाहिजे.