वकील न होताही कायदा शिकता येतो

गटांच्या बैठकांना गेलो की एक प्रश्न आम्हाला हमखास ऐकू येतो. "ताई, कायदा शिकावासा वाटतो, पण वकिलीची एवढी वर्षं कुठून काढायची? घर, शेत, लेकरं कोण बघणार?" आज त्याचंच उत्तर देतो.

आधी वकिलीचं सांगतो. बारावीनंतर एलएलबीला ५ वर्षं लागतात, पदवी झालेली असेल तर ३ वर्षं. प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि वर्गात हजेरी भरावी लागते. वकिलीची सनद मिळवायची तर बार कौन्सिल ऑफ इंडिया पत्राने किंवा घरबसल्या केलेली एलएलबी चालवून घेत नाही. तेव्हा "घरी बसून वकील व्हा" असं सांगून कोणी पैसे मागत असेल, तर एक रुपयाही देऊ नका.

पण आपल्यातल्या किती जणींना कोर्टात उभं राहायचं आहे? बहुतेकींना समोर आलेला कागद कळला पाहिजे, एवढंच हवं आहे.

एक उदाहरण बघा. वडील वारले. दिवसकार्य झालं आणि भाऊ म्हणाला, "ताई, तालुक्याला चल, वारस नोंदीला एक सही लागते." तिथे पुढे आलेला कागद वारस नोंदीचा आहे की हक्कसोडपत्र आहे? पहिल्या कागदाने तुमचं नाव सातबाऱ्यावर लागतं, दुसऱ्याने ते जातं. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवलं गेलं की मागे फिरणं फार अवघड. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हक्क मिळाला. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात नसले तरी हा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. हक्क सोडायचा की ठेवायचा, ते जिचं तिने ठरवावं. माहेर तुटू नये म्हणून सोडणाऱ्याही आहेत, त्यांना आम्ही नावं ठेवत नाही. पण काय सोडतोय ते कळून सोडावं.

एवढं कळायला पाच वर्षं लागत नाहीत. त्यासाठी हे मार्ग आहेत.

पहिला मार्ग मुक्त विद्यापीठाचा. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे आपण ज्याला इग्नू म्हणतो, तिथे बारावी झालेल्यांसाठी ग्राहक संरक्षण आणि मानवी हक्क या विषयांचे ६ महिन्यांचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहेत. विधी सहाय्यकाच्या कामाची एक वर्षाची पदविकाही आहे. पुस्तकं मिळतात, अभ्यास घरी होतो, परीक्षेला केंद्रावर जावं लागतं.

दुसरा मार्ग पदवी झालेल्यांसाठी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या काही विधी महाविद्यालयांत कामगार कायदा, करविषयक कायदा अशा एक वर्षाच्या पदविका शिकवतात. हिशेबाचं किंवा कारखान्यात काम करणाऱ्या मुलींना त्या उपयोगी पडतात.

तिसरा मार्ग मोबाइलवरचा. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' पोर्टलवर विद्यापीठांतल्या प्राध्यापकांचे कायद्याचे वर्ग मोफत ऐकता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी भरायची. मात्र बरेच वर्ग इंग्रजीत आहेत.

चौथा मार्ग विद्यापीठाचा नाही, पण आपल्या फार जवळचा आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विधी स्वयंसेवक निवडतं आणि त्यांना प्रशिक्षण देतं. ही योजना २००९ सालची. अंगणवाडी सेविका आणि शिक्षकांसोबत बचत गटातल्या महिलांचाही तिच्यात उल्लेख आहे. शक्यतो दहावी झालेली असावी, एवढीच शिक्षणाची अपेक्षा. ही पगाराची नोकरी नाही, कामाच्या दिवसाचं थोडं मानधन मिळतं.

आता मर्यादाही ऐका. प्रमाणपत्र मिळालं म्हणून दुसऱ्याची केस कोर्टात चालवता येत नाही. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे तो हक्क सनद असलेल्या वकिलाचा. पण नोटीस वाचून तिचा अर्थ सांगणं, अर्ज लिहून देणं, कुठल्या कचेरीत जायचं ते दाखवणं आणि हरकतीची मुदत लक्षात आणून देणं आपल्याला जमतं. फेरफाराची नोटीस आली तर हरकत घ्यायला १५ दिवस असतात. ती नोटीस फळीवर महिनाभर पडून राहिली तर पुढे हेलपाटे वाढतात. वेळेत वाचणारी एक बाई गावात असली तरी पुष्कळ झालं.

प्रवेश घेण्याआधी चार गोष्टी विचारा. या सत्रात तो अभ्यासक्रम सुरू आहे का? पुस्तकं आणि परीक्षा कुठल्या भाषेत? परीक्षा केंद्र किती लांब, परतीची एसटी मिळते का? फी सगळी मिळून किती? दूरशिक्षण असेल तर विद्यापीठाला यूजीसीची मान्यता आहे ना, तेही बघा. शक्यतो दोघी मिळून प्रवेश घ्या. अभ्यासाला सोबत होते आणि परीक्षेला एकटीने जायचा प्रश्न येत नाही. फीसाठी गटातून अंतर्गत कर्ज घेता येतं. आपण शेळीसाठी कर्ज देतो, मग पुस्तकासाठी का नको?

आणि ज्यांना यातलं काहीच जमणार नाही, त्यांनी एवढं लक्षात ठेवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मागता येतो. तिथे तुमचं उत्पन्न किती, हे विचारलं जात नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, नाहीतर १५१०० या क्रमांकावर फोन करा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातला एक असा कागद आणा, ज्यावर तुमची सही आहे पण मजकूर तुम्ही कधी वाचलेला नाही. कर्जाचा असो, जमिनीचा असो, जामीनकीचा असो. गटात तो मोठ्याने वाचू. जो शब्द अडेल तो वहीत लिहून ठेवा. कुठला अभ्यासक्रम आपल्या कामाचा, ते त्या वहीवरून कळेल.