दोन हातांची बोलिंग

दोन हातांची बोलिंग ही टेनपिन बोलिंग या खेळातील चेंडू सोडण्याची एक शैली आहे. या शैलीत खेळाडू केवळ मधले बोट व अनामिका चेंडूच्या छिद्रांत घालतो, अंगठा बाहेर ठेवतो आणि दुसऱ्या हाताने चेंडूला जवळजवळ शेवटपर्यंत आधार देतो. नाव काहीसे फसवे आहे, कारण आधाराचा हात आयत्या वेळी बाजूला होतो व चेंडू प्रत्यक्षात एकाच हातातून सुटतो. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमोंटे आणि फिनलंडचा ओस्कू पालेरमा यांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही शैली व्यावसायिक स्पर्धांत आणली.

तंत्र

फाऊल रेषेपासून पहिल्या पिनेपर्यंतचे अंतर ६० फूट असते आणि चेंडूचे वजन १६ पौंडांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेनच्या सुरुवातीच्या मोठ्या भागावर तेलाचा पातळ थर दिलेला असतो. तेलावरून चेंडू घसरत जातो. पुढे कोरड्या भागात पोचल्यावर घर्षणामुळे तो पकड घेतो आणि त्याला दिलेल्या फिरकीनुसार वळतो. हे वळण महत्त्वाचे असते. उजव्या हाताचा खेळाडू पहिल्या व तिसऱ्या पिनेमधील जागेवर, म्हणजे 'पॉकेट'वर, नेम धरतो. आदर्श स्ट्राइकमध्ये चेंडू स्वतः फक्त चार पिनांना (१, ३, ५ व ९) स्पर्श करतो आणि उरलेल्या सहा पिना एकमेकींच्या धक्क्याने पडतात. सरळ आलेला चेंडू पहिल्या पिनेवर आदळून बाजूला ढकलला जातो आणि ही साखळी तुटते. कोनातून आलेला चेंडू मात्र पिनांमधून आत शिरतो.

एकहाती शैलीत आधी अंगठा छिद्रातून बाहेर पडतो व मग बोटे चेंडूला फिरकी देतात. अंगठा मुळातच बाहेर असल्यास मनगट आत वळवलेले ठेवता येते आणि बोटे अधिक वेळ चेंडूखाली राहतात. त्यामुळे कमी श्रमात जास्त फिरकी मिळते. बरेच एकहाती व्यावसायिक खेळाडू चेंडूला मिनिटाला सुमारे ३०० ते ४०० फेऱ्यांची गती देतात. दोन हातांनी खेळणारे अनेक जण हा आकडा सहज ओलांडतात. त्याची किंमतही असते. खेळाडूला गुडघे वाकवून, धड बरेच झुकवून धावत यावे लागते. जास्त फिरकीचा चेंडू लेनवरील तेलही लवकर ओढून नेतो, त्यामुळे त्याच लेनवर नंतर खेळणाऱ्याला आपला नेम बदलावा लागतो.

स्वीकार आणि वाद

बेलमोंटेचा जन्म १९८३ मध्ये न्यू साउथ वेल्समधील ऑरेंज येथे झाला. त्याच्या आईवडिलांचे तेथे बोलिंग केंद्र होते. अगदी लहानपणी चेंडू एका हाताने पेलवत नसल्याने तो दोन्ही हात वापरू लागला आणि मोठेपणीही त्याने ती सवय सोडली नाही. या शैलीवर झालेली टीका दोन प्रकारची होती: ही लहान मुलांची पद्धत आहे, किंवा हा अवाजवी लाभ आहे. दोन्ही आक्षेप एकाच वेळी खरे असणे कठीण आहे. नियमांनी शैलीवर बंदी घातली नाही. मात्र ऑगस्ट २०२० पासून युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसने चेंडूचा तोल बदलण्यासाठी पाडलेली जादा छिद्रे बंद केली. त्यामुळे अंगठा न वापरणाऱ्याला चेंडूत अंगठ्याचे रिकामे छिद्र ठेवता येत नाही.

निकालांनी वादाची धार बरीच कमी केली. प्रोफेशनल बोलर्स असोसिएशनच्या (स्थापना १९५८) मेजर स्पर्धांतील विजेतेपदांचा विक्रम आधी अर्ल अँथनी व पीट वेबर यांच्या नावे प्रत्येकी १० असा होता. बेलमोंटेने २०१९ मध्ये तो मोडला आणि २०२३ पर्यंत ही संख्या १५ वर नेली. २०१३ ते २०१५ या काळात त्याने मास्टर्स स्पर्धा सलग तीनदा जिंकली. २०२० च्या यूएस ओपनमधील विजयानंतर पाचही मेजर स्पर्धा जिंकणारा तो माइक ऑल्बीनंतरचा दुसरा खेळाडू ठरला.

त्याच्यानंतरच्या पिढीत स्वीडनचा डावखुरा येस्पर स्वेन्सन आणि अमेरिकेचा अँथनी सायमनसन हे याच शैलीचे खेळाडू आहेत. सायमनसनने २०१६ ची मास्टर्स स्पर्धा वयाच्या १९ व्या वर्षी जिंकली, तेव्हा तो मेजर स्पर्धेचा सर्वांत तरुण विजेता ठरला. एकहाती शैली मात्र मागे पडलेली नाही, ई. जे. टॅकेटसारखे आघाडीचे खेळाडू आजही अंगठ्यासह एकाच हाताने खेळतात.