रेशमाच्या किड्यापासून दाढेच्या सुजेपर्यंत

बावधनात एनडीए-पाषाण रस्त्यावरच्या कुठल्याही मेडिकलसमोर संध्याकाळी थोडा वेळ थांबा. कुणाची अक्कलदाढ काढलेली असते, कुणाचा टेकडी उतरताना घोटा मुरगळलेला असतो. चिठ्ठी पुढे सरकते, पट्टी कात्रीने कापून हातात येते. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत बहुतेक वेळा तीन नावं असतात: अ‍ॅसिक्लोफेनॅक 100 मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम आणि सेराशिओपेप्टिडेज 15 मिलिग्रॅम. पहिली दोन दुखणं कमी करतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिसरं मात्र एन्झाइम आहे, प्रथिनांचे तुकडे करणारं. सुजेवर एन्झाइम घ्यायची ही रीत आपल्याकडे घरोघरी पोचली आहे. ती आली कुठून आणि तिचा उपयोग कितपत होतो, हे गोळी गिळणाऱ्याला माहीत असायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. आणि ही हकिकत आहेही मोठी मजेदार!

किड्याच्या पोटातला पाहुणा

सेराशिओपेप्टिडेज सापडलं रेशमाच्या किड्याच्या आतड्यात. 1960च्या दशकात जपानी संशोधकांनी तिथून एक जिवाणू वेगळा केला आणि त्याला ई-15 असा क्रमांक दिला. हे एन्झाइम तो जिवाणू तयार करतो, किडा नव्हे. कोश फोडून बाहेर पडायला पतंग हेच एन्झाइम वापरतो, अशी एक गोष्ट जाहिरातींत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असते. ती चुकीची आहे. कोश मऊ करायला पतंगाचं स्वतःचं वेगळं एन्झाइम असतं, त्याचं नाव कोकूनेज.

आज या गोळीसाठी कुणी रेशमाचे किडे पाळत नाही. मोठमोठ्या बंद टाक्यांत जिवाणू वाढवतात, त्यांनी बाहेर टाकलेलं एन्झाइम गाळून, शुद्ध करून, वाळवून घेतात. हा उद्योग आपल्या दाराशीच आहे. ठाण्याच्या अ‍ॅडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीज या कंपनीचा कारखाना नाशिक जिल्ह्यात सिन्नरला आहे आणि सेराशिओपेप्टिडेज हे तिच्या मुख्य उत्पादनांपैकी एक.

रक्ताळलेली लापशी

या जिवाणूचं घराणं सेराशिया. त्यातला सेराशिया मार्सेसेन्स गर्द लाल रंग तयार करतो. 1819 साली इटलीत पादुआजवळच्या एका गावात मक्याच्या लापशीवर रक्ताचे डाग उमटू लागले आणि गावकऱ्यांची भीतीने गाळण उडाली. बार्तोलोमेओ बित्सिओ या तरुण औषधशास्त्रज्ञाने तो डाग ताज्या लापशीवर लावून पुन्हा वाढवून दाखवला: रक्त नाही, चेटूक नाही, सूक्ष्मजीव आहे! बाथरूमच्या फरशीच्या सांध्यांत कधी कधी जो गुलाबी, बुळबुळीत थर धरतो, तोही बऱ्याचदा याच मंडळींचा. सप्टेंबर 1950 मध्ये अमेरिकी नौदलाने सॅन फ्रान्सिस्को शहरावर हा जिवाणू गुपचूप फवारला होता. जैविक हल्ला झाला तर जंतू किती दूर पसरतील, हे त्यांना पाहायचं होतं. तेव्हा तो निरुपद्रवी समजला जाई. आता रुग्णालयांतल्या चिवट संसर्गांच्या यादीत त्याचं नाव असतं. गोळीत जिवाणू नसतो, गाळून घेतलेलं एन्झाइम तेवढं असतं.

जपानने परत घेतली

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट. ओसाकाच्या ताकेदा कंपनीने 1968 मध्ये हे औषध बाजारात आणलं. 40 वर्षांहून अधिक काळ जपानी माणसं ते सुजेवर आणि चिकट कफावर घेत होती. पुढे पुन्हा तपासणी झाली. घोटा मुरगळलेले आणि जुनाट ब्राँकायटिसचे रुग्ण घेतले, काहींना खरी गोळी दिली, काहींना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली. दोन्ही गटांत म्हणावा असा फरक दिसला नाही. फेब्रुवारी 2011 मध्ये ताकेदाने हे औषध स्वतःहून बाजारातून काढून घेतलं. ज्या देशाने शोध लावला, त्यानेच!

आपल्याकडे विक्री चालूच राहिली. 2013 मध्ये दिल्लीतल्या संशोधकांनी उपलब्ध अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा त्यांनाही पुरावा अपुराच वाटला. अक्कलदाढ काढल्यानंतर गालाची सूज किंवा जबडा न उघडणं थोडं कमी झालं, असं सांगणारे काही अभ्यास आहेत. ते लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. त्यातून आपली गोळी बहुधा तिघांची मिळून असते. दुखणं थांबलं की श्रेय तिघांत वाटलं जातं, पण खरं काम पहिल्या दोघांनीच केलेलं असण्याची शक्यता मोठी आहे.

पोटातून पार कसं व्हायचं?

एन्झाइम म्हणजे स्वतः एक प्रथिनच. डाळीतलं प्रथिन पोटात गेल्यावर त्याचं जे होतं, तेच याचंही होणार. म्हणून त्याच्यावर आम्लात न विरघळणारा थर चढवतात. जठर ओलांडून आतड्यात पोचल्यावर तो थर सुटतो. एन्झाइमची गोळी चावून किंवा कुटून घेऊ नये, ते यासाठीच. घरात आजीला गोळी गिळता येत नाही म्हणून कुटून मधातून देतात ना, तिथे आधी मेडिकलवाल्याला विचारलेलं बरं.

पुढचा अडथळा आकाराचा. सेराशिओपेप्टिडेजचा एक रेणू पॅरासिटामॉलच्या रेणूपेक्षा सुमारे 300 पट जड असतो. एवढं धूड आतड्याच्या भिंतीतून रक्तात जायचं म्हणजे अवघडच. अगदी थोडा अंश पोचतो, असं दाखवणारे प्रयोग आहेत. पण रक्तातही पहारा असतो. अल्फा-2-मॅक्रोग्लोब्युलिन नावाचं एक प्रथिन अशा भटक्या एन्झाइमांना धरून कोंडून ठेवतं.

मग सुजेवर याचा उपयोग होईल, असं वाटलं तरी का? विचार चुकीचा नव्हता. मार लागला की रक्तवाहिन्यांतून पाणी आणि प्रथिनं झिरपतात, त्यातून फायब्रिनची जाळी तयार होते, निचरा अडतो आणि जागा फुगते. जाळी कापली तर निचरा होईल! परीक्षानळीत हे एन्झाइम फायब्रिन छान कापतं. परीक्षानळीला आतडं नसतं, एवढीच अडचण.

पट्टीवर आणखी एक बघण्यासारखी गोष्ट असते. 15 मिलिग्रॅमच्या शेजारी बऱ्याचदा 30,000 युनिट असं छापलेलं दिसतं. एन्झाइमचं नुसतं वजन सांगून भागत नाही, ते किती काम करतं हे सांगावं लागतं. उष्णतेने त्याची ताकद जाते. मे महिन्यात चांदणी चौकातल्या गर्दीत उन्हात अडकलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर औषधांची पिशवी ठेवू नका.

सूज उतरवणारं आणि सूज आणणारंही

ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन ही दुसरी लोकप्रिय जोडी. ऑपरेशननंतर, हाड मोडल्यावर, दात काढल्यावर ती लिहून दिली जाते. ट्रिप्सिनचं नामकरण 1876 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने याने केलं. आपलं स्वादुपिंड हे एन्झाइम रोज बनवतं, पण झोपलेल्या अवस्थेत. ते आतड्यात उतरल्यावर तिथलं दुसरं एक एन्झाइम त्याला जागं करतं. हे जागं करणारं एन्झाइम 1899 मध्ये रशियात पावलोव्हच्या प्रयोगशाळेत सापडलं. तोच तो, कुत्रा आणि घंटीवाला पावलोव्ह.

ट्रिप्सिन चुकून स्वादुपिंडातच जागं झालं तर ते स्वादुपिंडालाच पचवू लागतं. पित्ताशयातल्या खड्याने किंवा अति दारूने होणारा तीव्र पॅन्क्रिअ‍ॅटायटिस तो हाच. सुजेवर म्हणून दिलं जाणारं एन्झाइम चुकीच्या जागी शरीरातली अत्यंत भयंकर सूज घडवतं!

शाकाहारी वाचकांसाठी महत्त्वाचं: गोळीतलं ट्रिप्सिन सहसा गाय-बैल किंवा डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेलं असतं. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर हिरवा ठिपका शोधायची आपल्याला सवय आहे. औषधाच्या पट्टीवर तो नसतो. ज्यांना याने फरक पडतो, त्यांनी डॉक्टरांना स्पष्ट विचारावं.

अननसाच्या शिऱ्यात काय उरतं?

अननस खाल्ल्यावर जिभेला चरचरतं, त्यात ब्रोमेलेनचा मोठा हात. हे एन्झाइम 1891 मध्ये व्हेनेझुएलाच्या विसेंते मार्कानो याने ओळखलं. व्यापारी ब्रोमेलेन मात्र फळातून न काढता, फळ तोडल्यावर उरणाऱ्या बुंध्यातून काढतात. टाकाऊ बुंध्यात इतकं ब्रोमेलेन असतं, हे 1957 मध्ये हवाई बेटांवर कळलं. ताजा अननस घातलेली जेली घट्ट होत नाही, फ्रूट सॅलडमधलं दूध कडू पडतं, ते याच्यामुळेच. अननस आधी शिजवून घेतला की हा त्रास नाही, कारण उष्णतेने ब्रोमेलेन निकामी होतं. म्हणजे अननसाचा शिरा मन भरून खा, सुजेवरचा उपाय म्हणून मात्र नको.

पपईचा चीक आणि टूटी-फ्रूटी

खानदेशात पपईच्या बागा भरपूर. हिरव्या, झाडावरच्या पपईला सकाळी धारदार पात्याने उभ्या, उथळ रेघा मारल्या की पांढरा चीक ठिबकू लागतो. तो गोळा करून वाळवला की पपेन मिळतं. चीक हाताला लागला तर कातडी सोलवटते. फळ पिकत जातं तसा चीक संपतो, त्यामुळे पिकलेल्या पपईत पपेन नावालाच. चिरा पडलेली ती हिरवी पपई वाया जात नाही, तिची टूटी-फ्रूटी होते. केकमधले ते लाल-हिरवे तुकडे दुसरं काही नसून कच्ची पपईच!

मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई वाटून लावायची घरगुती युक्ती याच एन्झाइमवर चालते. बिअर थंड केल्यावर गढूळ होऊ नये म्हणून पपेन वापरायचं पेटंट 1911 मध्ये अमेरिकेत घेतलं गेलं. आणि पपईतलंच कायमोपपेन चक्क पाठीत टोचायचे! सरकलेल्या मणक्याच्या गादीत इंजेक्शन द्यायचं, गादीचा फुगलेला भाग विरघळवायचा. अमेरिकेने 1982 मध्ये मान्यता दिली, अनेकांना गुणही आला. काहींना मात्र जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी झाली आणि 2003 मध्ये तिथली विक्री थांबली.

टेकडीपलीकडची प्रयोगशाळा

बावधनहून पाषाणला गेलं की एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. 3 जानेवारी 1950 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. सूक्ष्मजीवांपासून मिळणाऱ्या, प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमांवरचा जगभर वाचला गेलेला एक आढावा-लेख इथूनच 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. लेखिका माला राव, अपर्णा टंकसाळे, मोहिनी घाटगे आणि वासंती देशपांडे. जगभरच्या संशोधकांनी हजारो वेळा त्याचा आधार घेतला आहे. या चौघींची नावं पुणेकरांच्या तोंडी असायला हवीत.

एनसीएलने पेनिसिलीन अ‍ॅसिलेज या एन्झाइमवरही वर्षानुवर्षं काम केलं. हे एन्झाइम पेनिसिलीन कापून जो गाभा देतं, त्यापासून अ‍ॅमॉक्सिसिलिन तयार होतं. दाढेच्या त्याच चिठ्ठीवर बऱ्याचदा वरच्या ओळीत लिहिलेलं अँटिबायोटिक ते हेच.

एका गोळीत पंधरा

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्र सरकारने 156 मिश्र औषधांवर बंदीची अधिसूचना काढली. त्या यादीत एका गोळीत तब्बल 15 एन्झाइमं कोंबलेलं एक मिश्रण होतं. त्यात ब्रोमेलेनही होतं आणि पपेनही. नावांची संख्या वाढली म्हणून गुण वाढत नाही, हे यातून सरकारी कागदावरच आलं.

कुणी जपायचं?

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, म्हणजे वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रोजची अ‍ॅस्पिरिन, तर एन्झाइमची गोळी डॉक्टरांना न विचारता अजिबात घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. ऑपरेशन ठरलं असेल तर घेत असलेली पूरकं डॉक्टरांना आधी सांगा. अननस किंवा पपई सोसत नसेल तर ब्रोमेलेन, पपेन टाळा. रबरी हातमोज्यांची अ‍ॅलर्जी असणाऱ्या काहींना पपईही चालत नाही. गोळी सुरू केल्यावर अंगावर पुरळ, फोड आले, धाप लागली तर गोळी थांबवा आणि लगेच डॉक्टर गाठा. सूज तीन-चार दिवसांत उतरायच्या ऐवजी वाढत असेल, ताप असेल, जागा लाल आणि गरम झाली असेल, तर मेडिकलमधून दुसरी पट्टी आणून दिवस घालवू नका. आत पू झालेला असू शकतो.

जिथे एन्झाइम खरंच कमाल करतं

स्वादुपिंड निकामी झालेल्या माणसाला जेवणासोबत एन्झाइमच्या कॅप्सूल दिल्या की अन्न पचू लागतं, वजन भरतं. इथे एन्झाइमला रक्तात जायचंच नसतं, आतड्यातच काम असतं. हृदयविकाराच्या झटक्यात शिरेतून दिलेलं स्ट्रेप्टोकायनेज गुठळी विरघळवणारी यंत्रणा चालू करतं आणि त्याने असंख्य जीव वाचले आहेत.

ब्रोमेलेनचा तर पुनर्जन्मच झाला. खोल भाजलेल्या जखमेवर मेलेल्या कातडीचा काळा, कडक थर तयार होतो. तो शस्त्राने काढताना चांगली कातडीही जाते, रक्तही जातं. अननसाच्या बुंध्यातल्या एन्झाइमांचं जेल त्या थरावर चार तास ठेवतात. मेलेली कातडी सुटून येते, खालची जिवंत कातडी बरीचशी शाबूत राहते. युरोपने या औषधाला 2012 मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबर 2022 मध्ये मान्यता दिली.